जीपमधून आलेली बाई

दारूबंदीचे दिवस होते आणि आमच्या भागातली सगळी हातभट्टी म्हणे एका बाईच्या मुठीत होती. आमच्या गावात, वरवट बकालात, तिला कुणी पाहिलं नव्हतं, पण वर्णन पोरासोरांनाही पाठ: उंच, मनगटावर पुरुषी घड्याळ, स्वतःची जीप, आणि पोलीससुद्धा नमस्कार करतात. लोक इतकं रंगवून सांगायचे, जणू आपल्याच गावची लेक. मला संताप यायचा. माझा मामा त्याच दारूनं गेला होता.

त्या वर्षी मला तिसरं स्थळ आलं, चिखलीचं. आधीची दोन माझ्या फटकळपणामुळे मोडली होती. हेही मोडलं तर चौथं येणार नाही, असं आईनं रडून सांगितलं होतं. पाहुणे गुरुवारी येणार होते.

मंगळवारी मी अंगणात मिरच्यांची देठं खुडत होते, तेव्हा दारात जीप थांबली. उंच बाई उतरली. मनगटावर भलंमोठं घड्याळ. झालं! घटकाभरात अंगण माणसांनी भरलं. कुणी तर पायाच पडलं. शेजारच्या काकांनी विचारलं, "बाई, पोलिसायच्या हातून कशा निसटता हो तुमी?"

"कोन्ते पोलीस?" ती म्हणाली, तसे लोक आणखीच खूश. आई चहा देत होती.

माझं डोकं फिरलं. "चहा प्या आन निंघा," मी म्हणाले. "तुमच्या दारूनं माह्या मामाले खाल्लं."

बाईनं कप खाली ठेवला. "मी चिखलीच्या पोराची आत्या. विधवा बाईले पोरगी पाहाच्या बैठकीत बसू देत नाईत, म्हून आधीच आली."

काकांनी हळूच काढता पाय घेतला. संपलं सगळं, असं मला वाटलं.

आत्याबाई मात्र हसत सुटल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. "माहा मालकबी दारूनंच गेला," त्या म्हणाल्या. "बाटली घेऊन येनाऱ्याले आमी ओट्यावर बसवून चहा पाजत होतो. त्याले निंघ म्हननारं घरात कोनी नोतं. तू ये आमच्या घरी."

मला रडूच कोसळलं. केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू!