भोंग्यावर न सांगितलेली बातमी

फिदेंसियाबद्दल कुणी विचारलं असतं, तर सिरिलोला धड चार वाक्यंही सांगता आली नसती. तिचं लग्न का मोडलं, रविवारी ती एकटीच डोंगराकडे कुठे जायची, त्याला काही ठाऊक नव्हतं. आवाज मात्र तिचा सगळ्या गावाच्या ओळखीचा. चावडीच्या छपरावरच्या भोंग्यातून रोज सकाळी तीच बोलायची. कुणी डुक्कर कापलंय, कुणाची शेळी हरवलीय, कुणाच्या घरी माणूस गेलंय. कुणी गेल्याचं ऐकलं की गाव मका, घेवडा आणि मेणबत्त्या घेऊन त्या घरी निघे.

त्या दिवशी भोंगा बोलण्याआधीच लोक सिरिलोच्या दारात आले. ओआहाका शहराला जाणारी बस दरीत कोसळल्याचा फोटो ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आला होता आणि सिरिलोची मुलगी ओदिलिया पहाटे त्याच बसने गेली होती. तिचा फोन लागत नव्हता. शेजारणीने न विचारताच चुलीवर कॉफीचं आधण ठेवलं. अंगणात मक्याचा ढीग वाढत गेला, तसं सिरिलोला पटत गेलं. एवढं धान्य आलं म्हणजे पोर गेलीच.

तो कसाबसा चावडीवर पोचला. मागून लोकही आले.

“फिदेंसियाबाई, सांगून टाका,” सिरिलो म्हणाला. “पोरीला आणायला माणसं हवीत.”

“पाहिलं कुणी?”

“सगळ्यांनी!” मातेओ खाटीक म्हणाला. “मलाच सहा जणांनी फोटो पाठवलाय.”

“सहाही जण दरीत उभे होते का रे?”

“तसं नाही...”

“म्हणजे एकच फोटो सहा वेळा पाहिलास. त्यांना कुणी पाठवला?”

“ते कोण विचारत बसतं?”

“मी विचारते.”

“बाप रडतोय आणि तुमच्या चौकशा चालल्यात! काळीज आहे की दगड?”

“दगड समज. पण जिवंत माणसाला मी भोंग्यावरून मारणार नाही.”

तिने सिरिलोला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि शहरातल्या बसथांब्यावर मक्याच्या पानात वाफवलेले तामाल विकणाऱ्या बाईला फोन लावला. “आमची बस आलीय का बघ. कुणाला विचारू नकोस, स्वतः जा. आणि ओदिलिया म्हणून हाक मार.”

वाट पाहताना ती ओदिलियाचं नाव पुटपुटत असल्याचं सिरिलोला ऐकू आलं.

मग फोनमधून आवाज आला, “बस उभी आहे की इथे! आणि तुमची ओदिलिया चपलेच्या भावावरून भांडतेय. घ्या, बोला.” फिदेंसियाने फोन सिरिलोच्या हाती दिला.

“बाबा? माझा फोन बंद पडलाय. काय झालं?”

“काही नाही गं,” सिरिलो म्हणाला, आणि हसता हसता त्याला हुंदका फुटला.

फिदेंसियाने भोंगा सुरू केला. “सिरिलोच्या घरी कुणीही गेलेलं नाही. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी बसचा आहे. ज्याने ज्याला पाठवला, त्याने त्याला हेही कळवावं. मातेओ, सुरुवात तू कर.”

दिलेलं धान्य परत नेण्याची पद्धत नव्हती. बायकांनी तिथेच मका दळायला घेतला आणि गाव सिरिलोच्या अंगणात जेवलं.

पुढच्याच आठवड्यात ओदिलियाने बापाला शहरात नेलं. थंडीत फिदेंसिया गेल्याचं त्याला तिथे कळलं. तेव्हा त्याने आधी गावात फोन करून खात्री करून घेतली. ओदिलिया बसने परत आली, त्या संध्याकाळनंतर त्याची आणि फिदेंसियाची भेट झालीच नव्हती. त्या संध्याकाळी ती चावडीच्या दारात उभी होती.

“पोहोचली का पोरगी घरी?”

“पोहोचली. झोपलीय.”

“जेवली?”

“हो.”

“मग तूही जेव जा. मला कुलूप लावायचंय.”