तिला एकटीला पाठवलं

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी चकल्या तळत होते. "ताई, ती परत जायचं नाही म्हणते," त्या म्हणाल्या. "सामान सगळंच घेऊन आलीय. गादीसुद्धा."

मी गॅस बंद केला. "येते मी," एवढंच म्हटलं.

ही मुलगी बडोद्यातल्या वाडी भागातली. मी राहते मांजलपूरला, एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करते, आणि रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शाळेतल्या मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवते. तिची आत्या आमच्याच सोसायटीत राहायची. ती एकदा तिला घेऊन आली आणि मग मुलगी स्वतःच यायला लागली, एकही रविवार न चुकवता. शाळा गुजराती माध्यमाची, घरात मराठी, आणि कॉम्प्युटरशी बोलायला इंग्रजी. तिन्हींची ती मजेदार खिचडी करायची.

अकरावीत असताना, नवरात्रीच्या आधी, तिने स्क्रीनवर गरबा उभा केला. ठिपक्यांची एकात एक वर्तुळं, टाळीला थांबून वळणारी. पण वळताना ठिपके एकमेकांवर आदळायचे. मी सुचवलेले उपाय चालले नाहीत. पुढच्या रविवारी ती हसतच आत शिरली. "मावशी, सगळे एकदम वळत होते ना, म्हणून आदळत होते. खऱ्या गरब्यात पुढचीला बघून मागची वळते. तसं लिहिलं." आणि चाललं की! बाकीच्या मुलींनी उठून टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ही मुलगी इंजिनिअर झालीच पाहिजे.

त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. चुकलं ते पुढे.

बारावीनंतर तिला दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जागा मिळाली. वडिलांच्या मनात नव्हतं. ते मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करतात. शांत माणूस. मी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर त्यांच्या पणजोबांचा फेटा बांधलेला फोटो होता, बडोद्याच्या महाराजांच्या फौजेतला. चहा झाला आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वर्गात मुली किती असतील, ताई?"

"असतील की," मी म्हटलं. "आणि नसल्या तर काय झालं? माझ्या वेळी कोण होतं? मी केलंच ना?"

फोटोकडे बोट दाखवून मी हेही म्हटलं, की लढवय्यांच्या घरातली मुलगी ती, तिला कसली भीती? वडील हसले. मुलीचा चेहरा उजळला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. स्कूटरवरून परत येताना मी गाणं गुणगुणत होते.

ती गेली. पहिला महिनाभर फोटो आले: हॉस्टेलची खोली, कॉलेजचं फाटक, मेसमधली पाणीदार डाळ. मग मेसेज आला, "मावशी, जरा बोलायचं होतं." मी मीटिंगमध्ये होते. "मन लावून अभ्यास कर, सगळं जमेल," असं लिहिलं आणि पुढे अंगठ्याचं चिन्ह टाकलं. काही दिवसांनी परत तसाच मेसेज. "रविवारी बोलू हं," मी उत्तर दिलं. रविवारी हॉलमध्ये नवीन मुली आल्या होत्या. मी त्यांना तिची गोष्ट सांगितली, बघा, तुमच्यासारखीच इथे बसायची आणि आज कुठे पोचली. तिला फोन करायचा मात्र राहून गेला.

चकल्यांचं पीठ तसंच टाकून मी वाडीत पोचले. त्यांच्या गल्लीच्या, म्हणजे पोळीच्या, तोंडाशी स्कूटर लावली आणि चालत आत गेले. बाहेरच्या खोलीत गुंडाळलेली गादी भिंतीला टेकवलेली होती. आईने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून त्या बाहेर गेल्या.

ती पलंगावर बसली होती. मला बघून उठून उभी राहिली, नेहमीसारखी. "बसा ना, मावशी."

मग हळूहळू सांगत गेली. लॅबच्या तुकडीत ती एकटीच मुलगी. प्रोजेक्टचे गट मुलांच्या हॉस्टेलमध्ये ठरायचे, हिला कळायचं सर्वांत शेवटी. एकदा तिने सरांना प्रश्न विचारला, तो अर्धा गुजरातीत, अर्धा इंग्रजीत. मागून कुणीतरी म्हणालं, "इतना भी नहीं आता तो आई क्यूँ?" सगळे हसले, सरही जरासे हसले. त्यानंतर तिने प्रश्न विचारणं बंद केलं. न कळलेलं साठत गेलं. हॉस्टेलच्या खोलीतली मुलगी दुसऱ्या शाखेची, चांगली होती, पण ती काय मदत करणार? रोज लॅबच्या आधी हिच्या पोटात दुखायला लागायचं.

"कुणी त्रास नाही दिला, मावशी," ती म्हणाली. "कुणी काहीच नाही केलं. कुणी बोललंच नाही." मग तिने विचारलं, "तुम्ही पण एकट्याच होतात ना? मग मलाच का नाही जमत?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. हा प्रश्न घेऊन ती तिथे महिनोन्‌महिने राहिली होती.

मी म्हटलं, "मी एकटी नव्हते."

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. माझ्या वर्गात आणखी एक मुलगी होती. बडोद्याच्याच हरणी भागातली. आम्ही पहिल्या दिवसापासून एका बाकावर बसलो. मला न कळलेलं तिला कळायचं, तिला न कळलेलं मला. सरांच्या केबिनमध्ये जायचं तर दोघी मिळून. कुणी हसलं की आम्ही कँटीनमध्ये जाऊन त्याची नक्कल करायचो. आणि संध्याकाळी मी घरी यायचे, बडोद्यातल्या माझ्या घरी, आईच्या हातचं गरम जेवायला. हे सगळं मी हिच्या वडिलांना सांगितलेल्या गोष्टीतून काढून टाकलं होतं. मुद्दाम नव्हे. सांगताना मीच मोठी दिसत गेले आणि बाकी सगळं गळून पडलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे आधी सांगायचं ना, मावशी. मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मी तिला जवळ घेतलं, पण रडले मीच. बाहेर वडिलांनी चहा पुढे केला. "तुमच्यावर राग नाही, ताई," ते म्हणाले. "तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." रागावले असते तर बरं झालं असतं.

ती परत गेली नाही. मी कॉलेजशी बोलते, तुझ्यासोबत येऊन राहते, असं खूप म्हणून पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. पुढच्या जूनमध्ये तिने बडोद्यातच कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. ते वर्ष गेलं ते गेलंच.

त्या दिवाळीनंतरच्या हिवाळ्यातच मी हरणीच्या मैत्रिणीला फोन केला. एवढ्या जवळ राहून आम्ही फक्त लग्नकार्यात भेटत होतो. मुलं झाल्यावर तिने नोकरी सोडली होती. "मी काय शिकवणार आता? सगळं विसरले," ती म्हणाली. "शिकवू नकोस," मी म्हटलं, "नुसती येऊन बस." ती आली, येतच राहिली. वर्ग सुटल्यावर मुली थांबायला लागल्या. त्यांच्यात ही वाडीची मुलगीही होती, घरी आल्यानंतर काही आठवड्यांनी आपण होऊन आलेली. बाहेरगावी शिकणाऱ्या आमच्या जुन्या मुलींना रविवारी संध्याकाळी फोन करायचा, ही कल्पना तिची. पहिला प्रश्न अभ्यासाचा नाही, हा नियमही तिचाच. "काय जेवलीस आणि कोणाबरोबर जेवलीस?" असं विचारायचं. "एकटीच" असं उत्तर लागोपाठ आलं की तिथे जवळपास आपलं कोण आहे ते शोधायचं. अशा शोधाशोधीतून काही मुली एकमेकींच्या खोलीत राहायला गेल्या, एकीने आपल्या मावसबहिणीला दुसरीच्या मदतीला पाठवलं. मला सुचलं असतं का हे? नसतं सुचलं.

यंदा उन्हाळ्यात एक गुजराती आई हॉलमध्ये आली. मुलीला बाहेरगावी जागा मिळत होती. "बेन, तमे कहो तो मोकलीए," ती मला म्हणाली. तुम्ही म्हणाल तर पाठवतो.

मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "मला नका विचारू. हिला विचारा."

वाडीची मुलगी लॅपटॉप मिटून त्यांच्याजवळ येऊन बसली. "मासी, हुं पाछी आवी हती," मी परत आले होते, अशी तिने सुरुवात केली, आणि सगळं सांगितलं. लॅब, हसणं, पोटातलं दुखणं, गादी. तिथे आधीपासून शिकणाऱ्या आमच्या वर्गाच्या दोन जुन्या मुलींचे नंबर दिले. माझं नाव तिने कुठेच घेतलं नाही. मी खुर्च्या आवरायच्या निमित्ताने हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तिथेच थांबले.