शुगर नॉर्मल, मग दम कावून?

"मॅडम, शुगर तर बराबर हाय म्हणता, मग दम कावून लागलाय?"

दत्तूचा प्रश्न रास्त होता. त्याचे थोरले भाऊ ज्ञानोबाअप्पा बेडवर पळून आल्यासारखे धापा टाकत होते. धारूरच्या डोंगरात मेंढरं राखणारा कणखर माणूस, पण सकाळपासून उलट्या, पोटात कळा. ईसीजी चांगला, छातीही साफ. मी ब्लड गॅस पाठवला. रक्त किती आंबट झालंय ते या तपासणीत कळतं. रिपोर्ट आले. लॅक्टिक ॲसिड भरमसाठ वाढलेलं आणि किडन्याही दमलेल्या.

"अप्पा, शुगरची गोळी किती घेतली?"

"काल पोरीचा साखरपुडा हुता," अप्पा धापा टाकत म्हणाले. "जिलबी लई झाली. मंग… गोळ्याबी लई घेतल्या. दोन पट्ट्या."

"आन मला सांगितलं न्हाई!" त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी कपाळाला हात लावला.

गोळी मेटफॉर्मिनची. गुणी औषध. एकटी घेतली तर ती सहसा शुगर फार खाली पाडत नाही, आणि तिथंच आपण फसतो. अति झाली की शरीराला लॅक्टिक ॲसिडचा निचरा करता येत नाही. मग ते ॲसिड आवरायला श्वास धावत सुटतो. जादा गोळी लघवीवाटे जायला हवी, पण उलट्यांनी पाणी आटलं होतं आणि किडन्या बसल्या होत्या.

सलाईन, बायकार्बोनेट सुरू केलं. पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला.

"डायलिसिस करावं लागेल."

"न्हाई!" दत्तू उसळला. "एकदा मशीनला लावलं की जन्माचं मशीन."

"ते किडनी कायमची गेल्यावर. इथं मशीन रक्तातली गोळी आणि ॲसिड धुऊन काढणार. किडन्या सावरल्या की मशीन बंद."

"गावात इचारतो."

"भाऊजी, गावाला मागून इचारा," कौसाबाई म्हणाल्या. माझ्याकडं वळल्या. "तुमचा बाप आसता तर?"

"आत्तापर्यंत लावलं असतं."

"मंग लावा."

मशीन बराच वेळ चाललं. हळूहळू धाप उतरली. अप्पांनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, "मेंढरं कुणी सोडली?"

"व्हनाऱ्या जावयानं," दत्तू रडत रडत म्हणाला.

"पळाली न्हाईत?"

"मेंढरं न्हाई, जावईच पळतोय त्यांच्या मागं!"

अख्खा वॉर्ड हसला. तरी एक प्रश्न मला विचारावाच लागतो. नातेवाइकांना बाहेर काढून, पडदा ओढून मी विचारला, "अप्पा, जिवाला कंटाळला होतात का?"

"जिवाला कंटाळून कुणी एवढी जिलबी खातं का, मॅडम?"

दुसऱ्या दिवशी कौसाबाई वॉर्डभर सांगत सुटल्या, "लघवी झाली! पिशवी भरली!" शेजारच्या बेडच्या नातेवाइकांनी दत्तूशी हात मिळवले. मी बारशाला आल्यासारखी उभी राहून हसत होते. लघवीवर एवढा आनंद आमच्याच खात्यात होतो.

परत मशीन लागलं नाही. अप्पा आपल्या पायांनी घरी गेले. नातेवाईक आता मला विचारतात, "शुगर नॉर्मल हाय ना, मग जाऊ?" मी म्हणते, "बसा. आधी किती गोळ्या घेतल्या ते सांगा." शुगरचा आकडा शुगरबद्दलच बोलतो, बाकीचं पेशंटलाच विचारावं लागतं.