एक रिंग मारून कापलेले फोन

पडदा वर जायच्या आधी नट जसा विंगेतून प्रेक्षागृह न्याहाळतो, तशी वंदना सोमवार उजाडला की ऑफिसच्या खिडकीतून रस्ता न्याहाळायची. सोमवारी डोणगावच्या शिवार शेतकरी कंपनीत सोयाबीन मोजून घेत, आणि फाटकापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागे.

एकेकाळी वंदना गावात टायपिंगचा क्लास चालवायची. पोरांवर आवाज न चढवता शिकवणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. टायपिंगची यंत्रं मोडीत गेली तशी ती कॉम्प्युटर शिकली, आणि आता चाळिशीत कंपनीचा सर्व्हर सांभाळत होती. चिठ्ठीच्या नंबरावरून रांगेत भांडणं व्हायची, म्हणून तिनंच एक सोय उभी केली. शेतकऱ्यानं कंपनीला फोन लावायचा, आणि काट्यावर कितवा नंबर चालू आहे ते वंदनाच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात ऐकायचं. हे फोन घेणारा छोटा प्रोग्राम मुख्य प्रोग्रामला जोडलेला होता. त्याला ती प्लगिन म्हणे.

गेले तीन सोमवार हा प्लगिन मेमरी खात खात फुगत होता आणि दुपारपर्यंत सगळा सर्व्हर बंद पाडत होता. काटा थांबे, रांगेत शिव्या सुरू होत. अध्यक्ष अर्जुनराव भला माणूस. पण आज सकाळी त्यांनी जुन्या चिठ्ठीबुकांचा गठ्ठा तिच्या टेबलावर आणून ठेवला. आज बंद पडलं तर उद्यापासून हीच वापरायची, आणि मग सर्व्हरच्या बाईला इथं काम उरणार नाही, असं त्यांनी सांगितलं. शांतपणे सांगितलं, म्हणून तिला जास्तच लागलं.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? ऑफिसातल्या सगळ्यांना फोन लावायला सांगून पाहिलं होतं. साठ फोन झाले, मेमरी वर गेली आणि गुपचूप खाली आली. मग सोमवारीच याच्या अंगात काय येतं?

आज तिनं तासाच्या अंतरानं दोनदा, प्लगिनच्या मेमरीत काय काय पडलंय याची यादी काढली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. बाकी सारं जिथल्या तिथं होतं. वाढल्या होत्या फक्त फोनच्या नोंदी. त्या घटकेला फोनवर माणसं होती चार, आणि नोंदी अकराशे चाळीस. प्रत्येक नोंद तिच्या आवाजाची एकेक प्रत उराशी धरून बसलेली. रंगमंचावर आलेली पात्रं विंगेत परत गेलीच नव्हती. पाय ठेवायला जागा नाही, आणि नाटक तर चालूच.

पण जात का नव्हती? साडेअकरा वाजले होते. ती नोंदींतले नंबर वाचत सुटली. एकेक नंबर आठ-आठ, दहा-दहा वेळा. मधेच एक नंबर असा आला, की जो तिला तोंडपाठ होता. सासऱ्यांचा. तेरा वेळा.

सासरे उकंडराव पहाटेपासून रांगेच्या शेपटाशी, ट्रॉलीच्या सावलीत बसून होते. सून ऑफिसात आहे म्हणून आत येऊन खुर्ची अडवणाऱ्यांतले ते नव्हते. वंदना धावतच त्यांच्याकडे गेली. मामाजी, फोनवर माझा आवाज येत नाही का, तिनं विचारलं.

"आवाज कायचा?" ते म्हणाले. "मी एक रिंग मारतो अन् कापतो. मंग तुमचा फोन येईन म्हून वाट पाहून राह्यलो. सकाळपासून कोनाचाच नाही आला."

"सारेच असं करतेत?"

"मंग? मिस कॉल देऊन कोन थांबते? तुमी ऑफिसातले थांबत असान."

तिला हसावं की रडावं कळेना. नोंद पहिल्याच रिंगला उघडत होती, आणि आवाज शेवटपर्यंत ऐकला तरच मिटत होती. ऑफिसातल्यांनी तिचा मान राखून अगदी 'धन्यवाद'पर्यंत ऐकलं होतं. मधेच कापणाऱ्याची नोंद मिटवायचं तिनं कुठं लिहिलंच नव्हतं. ती स्वतः माहेरी हजारदा एक रिंग मारून कापणारी बाई. प्रोग्राम लिहिताना मात्र पुस्तकातला माणूस डोळ्यापुढे धरून बसली.

फोन कापला की नोंद मिटव, एवढंच लिहायचं होतं. चार ओळी. ऑफिसात परतून तिनं त्या लिहिल्याही. पण त्यासाठी भर गर्दीत प्लगिन बंद करून पुन्हा सुरू करणं आलं. अर्जुनराव दारात येऊन उभे राहिले.

"होईन का, ताई?"

"पाहू, भाऊ."

तिनं बटण दाबलं. मेमरीचा आकडा चढला. आणखी चढला. मग तो थोडा उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला, झोपलेल्या लेकराच्या छातीसारखा.

एक डोळा त्या आकड्यावर ठेवून तिनं नंबरांची यादी पुढे ओढली आणि वाट पाहणाऱ्यांना स्वतःच फोन लावायला घेतले. पहिला सासऱ्यांना. सत्तर नंबर चालू आहे, असं तिनं सांगितलं.

"आला बे फोन," ते शेजारच्या ट्रॉलीवाल्याला सांगत होते.

दोन वाजले, चार वाजले, सर्व्हर चालूच राहिला. सहाला शेवटची ट्रॉली काट्यावरून उतरली. अर्जुनरावांनी चिठ्ठीबुकं उचलून कपाटात टाकली. कपाटाला कुलूप मात्र लावलं नाही. वंदनानं ते पाहिलं, आणि घरी निघायच्या आधी आकडा आणखी एकदा बघून घेतला.