अठ्ठेचाळीस मेढ्याला निघते

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. ऑइलची फडकी आणि किस्से. फडकी बायको गुपचूप टाकून देते. किस्से मात्र टाकता येत नाहीत. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, ‘मास्तर, तो मिरवणुकीचा सांगा की!’ सांगून सांगून आता त्यातलं खरं किती आणि मी वाढवलेलं किती, हे माझं मलाच ठरवता येत नाही. त्या वेळी सोबत असलेल्या बापूला विचारून खात्री करावी म्हटलं, तर त्याचं सगळंच वाढवलेलं असतं!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्यात एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि उरलेला वेळ माझ्या चोपन्न सालच्या गाडीखाली आडवा असायचो. सातारा-सांगली पट्ट्यातल्या आमच्यासारख्या अकरा जणांनी मिळून क्लब काढला होता. उंब्रजचा बापू ऊसवाला, त्याची गाडी बावन्नची. सांगलीचे कांबळेसाहेब साखर कारखान्यात केमिस्ट, त्यांची छप्पन्नची. आणि कोरेगावजवळच्या एका गावचे सुभेदार, फौजेतून निवृत्त, त्यांची अठ्ठेचाळीसची. बाकीचे सात जण चहाच्या वेळी यायचे.

पहिल्याच बैठकीत कुणाच्या गाडीची कंपनी भारी यावरून इतकी जुंपली, की बापू जेवणाच्या ताटावरून उठून गेला. (परत आला. मटण होतं.) तेव्हापासून नियम झाला, की क्लबात कंपनीचं नाव काढायचं नाही. गाडीला तिच्या सालानं हाक मारायची आणि मालकालाही तीच.

“अठ्ठेचाळीस आले नाहीत का?”

“येतील. बावन्नला सर्दी झालीय, आणि चोपन्नचं बायकोशी भांडण झालंय.”

शेजारच्या टेबलावरची माणसं आमच्याकडं फार विचित्र बघायची.

*

आता सुभेदारांच्या अठ्ठेचाळीसबद्दल एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. ती गाडी सुभेदारांनी निवृत्त झाल्यावर सांगलीच्या एका वकिलाकडून घेतली, आणि बैल जोडून गावात आणली. तिला कार्ब्युरेटरच नव्हता. म्हणजे इंजिनला पेट्रोल पाजणारा भागच गायब! गाडी गोठ्यात लावली आणि सुभेदारांनी आक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, शब्द दिला, ‘पैली फेरी तुज्या म्हायेरी. मेढ्याला.’

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती. गाडी तसूभर हलली नव्हती.

आम्ही सगळे त्यांना सांगायचो, दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर थोडा कापूनतासून बसतो. सुभेदार ऐकायचे नाहीत. “दुसऱ्याचं काळीज माज्या गाडीला बसवायचं न्हाई,” एवढंच म्हणायचे आणि बॉनेट पुसायला लागायचे. आक्का गोठ्याच्या दारातून बोलायच्या, “मास्तर, एक म्हस उनात बांदावी लागती या बयेपाई. हलवा की हिला!” सुभेदार मान खाली घालायचे. फौजेत कुणापुढं न वाकलेला माणूस, पण त्या एका शब्दापायी बायकोच्या नजरेला नजर देत नव्हता. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

*

साताऱ्यात शैलाताईंचा टायपिंगचा क्लास होता. त्यांनी एक कॉम्प्युटर आणून त्यावर इंटरनेट घेतलं. कांबळेसाहेब म्हणाले, आता भेटीगाठीची वाट बघायची नाही, क्लब ऑनलाइन करायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑनलाइन म्हणजे काय हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

क्लब एक, म्हणून ई-मेलचा पत्ताही एक! अकरा जणांत एकच खातं. कुणी सांगलीत उघडायचं, कुणी कराडला, कुणी साताऱ्यात. पासवर्ड विसरायला नको म्हणून शैलाताईंनी तो फळ्यावर लिहून ठेवला होता, खाली टायपिंगचे धडे.

मी पहिला मेल लिहिला. शैलाताईंनी चष्म्यावरून बघितलं.

“मास्तर, पाठवणारा कोण?”

“आमचा क्लब.”

“आणि घेणारा?”

“आमचा क्लब.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, “बरं वाटतंय ना तुम्हाला?”

*

बापू कराडला जाऊन मेल टाकायचा. टाकला, की लगेच शेजारच्या बूथवरून मला शाळेत एसटीडी. शिपाई वर्गाच्या दारात येऊन ओरडायचा, ‘मास्तर, अर्जंट!’ मी हातातला खडू टाकून पळायचो.

“मास्तर, मेल टाकलाय.”

“बरं, संध्याकाळी बघतो.”

“ऐका की आता. लिवलंय असं, की बावन्नचा रेडिएटर गळतोय. खालच्या बाजूनं. लय न्हाई, थेंब थेंब...”

अख्खा मेल फोनवर. वर ‘आपला नम्र, बावन्न’ हेसुद्धा वाचून दाखवायचा.

“अरे बापू, सगळं फोनवर सांगतोस, मग मेल कशाला टाकतोस?”

“आसं कसं? रेकॉर्डला नगं व्हय?”

*

आणि एके दिवशी रेकॉर्डच गायब व्हायला लागलं. सोमवारी टाकलेला मेल मंगळवारी नाही. मी कांबळेसाहेबांवर चिडलो, ते बापूवर चिडले, बापूनं इंटरनेटवाल्यांना शिव्या घातल्या. दीड महिना क्लबात अबोला होता. माझ्या रागाचं म्हणाल तर मी कांबळेसाहेबांच्या घरचा कार्यक्रमसुद्धा चुकवला. आता लाज वाटते.

शेवटी शैलाताईंनी चोर पकडला. सुभेदार बाजाराच्या दिवशी क्लासात यायचे, मेल उघडायचे, ताठ बसून वाचायचे, आणि वाचून झाला की पुसून टाकायचे! सगळेच.

मी म्हटलं, “सुभेदार, अहो असं का करता?”

“वाचल्यालं पत्र ठिवायचं नसतं, मास्तर. दुश्मनाच्या हाती लागलं तर?”

“पण आम्ही वाचायच्या आधीच?”

“मग तुमी लवकर यावा की!”

हे इथंच थांबलं असतं तर हसून सोडलं असतं. पण कांबळेसाहेबांनी परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या एका मंडळाला आमच्या पत्त्यावरून पत्र टाकलं होतं, अठ्ठेचाळीसचा कार्ब्युरेटर कुणाकडं आहे का म्हणून. मला शंका आली. विचारलं, “सुभेदार, विलायतेहून काही आलं होतं का?”

“आलं हुतं की. एक म्हातारा हाय. म्हनतोय, माज्याकडं एक हाय.”

“मग?”

“मग काय? आसंल! उगं फुशारकी. म्हटलं, तुज्याकडं कार्ब्युरेटर, तर माज्याकडं आख्खी गाडी हाय. दिला पुसून!”

कांबळेसाहेबांनी कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षं ज्याची वाट बघितली, ते सुभेदारांनी स्वतःच्या बोटानं पुसलं होतं. समजावून सांगितल्यावर सुभेदार क्लासातल्या बाकावर जे बसले, ते शैलाताईंनी आणलेला चहा गार होईपर्यंत उठले नाहीत.

*

म्हाताऱ्याचा पत्ता गेला होता, पण ते मंडळ तर होतं. कांबळेसाहेबांनी मंडळाला लिहून माफी मागितली आणि निरोप त्या गृहस्थांना द्या म्हणून विनंती केली. मला वाटलं, आपणही लिहावं, बरं दिसतं. मी लिहिलं. बापूनं लिहिलं. बाकीच्या सातांनीही, चहाचं ऋण फेडायचं म्हणून असेल, एकेक पत्र टाकलं. सुभेदारांनी चार टाकली. कुणी कुणाला सांगितलं नाही.

म्हणजे तिकडं त्या म्हाताऱ्याला आठवडाभरात एकाच पत्त्यावरून चौदा माफीपत्रं पोचली. खाली सही कधी ‘छप्पन्न’, कधी ‘चोपन्न’, कधी ‘बावन्न’! एकात मी पेन्सिल धरणारा गरीब शिक्षक, एकात ऊस लावणारा, एकात थेट लढाईवर जाऊन आलेला.

त्याचं उत्तर शैलाताईंनी छापून भिंतीवर चिकटवलं. दोनच ओळी होत्या. ‘कार्ब्युरेटर पाठवत आहे. भेट समजावी. आपण विश्रांती घ्यावी आणि कृपया आता लिहू नये.’

*

पार्सलची वाट बघत होतो त्याच दिवसांत कांबळेसाहेबांच्या मिरवणुकीचा किस्सा घडला. चौदा एप्रिलला त्यांच्या गावी मिरवणुकीत पुढं त्यांची छप्पन्न असते. वडिलांनी दीक्षा घेतली ते साल आणि गाडीचं साल एकच, म्हणून ते तिला फार जपतात. त्या दिवशी पांढरीशुभ्र झूल, निळी फुलं, टपावर तसबीर. मी आणि बापू पाहुणे म्हणून मागच्या सीटवर.

वेशीतून वळलो आणि इंजिन तापून बंद पडलं. कांबळेसाहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. हळूच म्हणाले, “मास्तर, बापू, उतरा. मागं जावा. ढकला, पण नाचत ढकला.”

आम्ही नाचत ढकललं! अख्खं गाव फिरून समाजमंदिरापर्यंत. पोरांना वाटलं हीच पद्धत, तीपण आली ढकलायला. कांबळेसाहेब आत ताठ बसून उगाच गिअर बदलत होते आणि मधूनमधून हॉर्न देत होते.

शेवटी गावातले एक वयस्कर गृहस्थ पुढं आले. डोळ्यांत पाणी होतं. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, “सायेब, लय गाड्या बगितल्या. पर गाडी असावी तर अशी. वाईचबी आवाज न्हाई!”

*

पार्सल यायला दिवाळी उलटली. दोन रविवार खपून आम्ही कार्ब्युरेटर बसवला, जाळं झालेल्या वायरी बदलल्या, टाकीतून उंदराचं घरटं काढलं. आक्का दारातून विचारत राहिल्या, ‘ह्यो तुकडा कशाला, त्यो कशाला?’. तिसऱ्या रविवारी गोठ्यात सुभेदारांनी हँडल मारलं. गाडी खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. दोन म्हशी दावं तोडून पळाल्या आणि त्यांच्यामागं बापू पळाला. सुभेदार हँडल धरून तसेच उभे होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला काही माझं रडू आवरता आलं नाही.

आक्कांनी गाडीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि सुनेला हाक मारली, “सुमन, म्हस आत बांद. आनि माजं हिरवं लुगडं काड!”

*

मेढ्याला निघायचा दिवस ठरला तो पौषातला रविवार. बापू आणि कांबळेसाहेब मुद्दाम साताऱ्यात माझ्याकडं आले. अठ्ठेचाळीस कोरेगावच्या रस्त्यानं आली, काळी कुळकुळीत, पुढं आक्का हिरव्या लुगड्यात. आम्ही नारळ फोडला. आक्का आमच्याकडं बघून हसल्या नाहीत, पण पुतळीची माळ पदराबाहेर काढून नीट बसल्या. सोबत यायला सुभेदारांनी साफ मनाई केली. “घरगुती दौरा हाय. तिन्हीसांजेला परत.”

दुपारी आमचं जेवण होतंय तोवर फोन. “मास्तर, अठ्ठेचाळीस बोलतोय. मेढ्याला पोचलो झ्याक. निगायला बगतोय तर गाडी सुरूच हुईना.”

बापूच्या जीपमधून आम्ही तिघं मेढ्यात. आक्कांच्या भावाच्या दारात गाडी, भोवती निम्मी आळी. कांबळेसाहेबांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. झाकणाखाली रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा असतो. तो फिरला तर ठिणगी पडते, नाही तर नाही. तो तिथं नव्हताच!

“वाटंत पडला असंल,” बापू म्हणाला.

“रोटरशिवाय गाडी इथवर आली कशी?” कांबळेसाहेब म्हणाले. “आणि झाकणाच्या दोन्ही क्लिपा लागलेल्या होत्या. हे इथंच कुणीतरी काढलंय.”

सुभेदारांनी वळून मेव्हण्याकडं असं बघितलं, की तो बिचारा पांढराच पडला. “दाजी, आय शप्पत, मी न्हाई! मला सायकलचं न्हाई कळत!” आळीतले दोघंतिघं बाह्या सरसावून पुढं आले. बापूही सरसावला. पहिल्या फेरीचं असं वाटोळं झालेलं मला बघवेना. पाणी मागायचं निमित्त करून मी घरात शिरलो.

आतल्या खोलीत आक्का आणि त्यांची थोरली बहीण, दोघी म्हाताऱ्या, पाय पसरून पावटे सोलत बसल्या होत्या. कशावर तरी इतक्या हसत होत्या, की सोललेले पावटे टरफलांत पडत होते. आक्कांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

“बसा मास्तर. सव्वीस वर्सांत हितं रात काडली न्हाई मी. यायचं यष्टीनं, आन धारंच्या वक्ताला परत,” आक्का म्हणाल्या. “सुपारी खाता?”

त्यांनी कमरेची चंची काढून माझ्यापुढं उलगडली. एका कप्प्यात कात, एका कप्प्यात लवंगा, आणि सुपारीच्या खांडांत, पितळी पट्टीचा, तपकिरी, अंगठ्याएवढा तुकडा.

मी तुकड्याकडं बघितलं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. थोरलीनं पावट्याची शेंग तोंडावर धरली.

मी एक खांड उचललं, तोंडात टाकलं आणि बाहेर आलो. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“सुभेदार,” मी म्हणालो, “कुणावर आळ घेऊ नका. जुना भाग, झिजून तुकडे झाले असतील. हा साताऱ्यात मिळायचा नाही. सांगलीला बघावं लागेल. चार दिवस तरी लागतील.”

आतून आवाज आला.

“आवं मास्तर, आठ म्हना!”