उप्सालाहून आलेली साखर

उप्सालाला गेल्यावर काय पाहावं, कॉफी कुठे प्यावी आणि कुठल्या बाकावर बसावं, हे हडपसरमध्ये बसून सांगणारा माणूस पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. उप्साला हे स्वीडनमधलं विद्यापीठाचं जुनं गाव. वरच्या काकांची लेक तिथे संशोधन करायची, तेव्हा कारखान्यातून निवृत्त झालेले काका तिच्याकडे एक उन्हाळा राहून आले. पुढे लेक ऑस्ट्रेलियाला गेली, काका मात्र मनाने उप्सालातच राहिले. सोसायटीतलं कुणी महाबळेश्वरला निघालं तरी ते जिन्यात गाठून सांगायचे, "जा, जा. पण उप्सालाला जाल तेव्हा मला विचारून जा."

विचारायची वेळ अखेर माझ्यावर आली. खराडीच्या ऑफिसने मला तिकडे कामाला पाठवायचं ठरवलं आणि त्याच संध्याकाळी काका आमच्या सोफ्यावर येऊन बसले. "कॅथीड्रल बघ. दोन उंच मनोरे आहेत, चुकायचं म्हटलंस तरी चुकणार नाहीस. किल्ला टेकडीवर आहे. किल्ला म्हणजे लाल रंगाची इमारत, उगाच सिंहगड डोळ्यांसमोर आणू नकोस. चढ पर्वतीच्या निम्मासुद्धा नाही. कॉफीचा दुसरा कप बऱ्याच ठिकाणी फुकट देतात, मागायला लाजू नकोस. आणि सायकलच्या वाटेवरून चालू नकोस. आपल्याकडे सायकली होत्या तेव्हा लोक निदान ओरडायचे, तिथे नुसते बघतात." वनस्पती उद्यानात काचघराच्या आडोशाचा बाक तेवढा वारा लागत नाही म्हणून घ्यायचा, हेही झालं. त्यांना बोलवायला आलेल्या काकू दारातूनच म्हणाल्या, "इथल्या सारसबागेत न्या म्हटलं, तर यांचे पाय दुखतात."

निघायच्या आदल्या दिवशी काका शंकरपाळ्यांनी भरलेला स्टीलचा डबा घेऊन आले, तो उप्सालातल्या एका दारी पोचवायचा होता. मागची गोष्ट अशी. लेकीच्या शेजारी एक एकटे आजोबा राहत. काकांनी परतायच्या आधी त्यांना हाच डबा भरून नेऊन दिला होता. आजोबांनी तो लख्ख धुऊन, पुसून, रिकामा परत केला. काका पुण्याचे. त्यांनी दारातच ऐकवलं, "आमच्याकडे रिकामा डबा देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात." आजोबांचा चेहरा उतरला आणि काका दुसऱ्या दिवशी विमानात बसले. "म्हातारा दुखावला असेल गं," काका म्हणाले. "जाऊन बघ, बोलतो का."

उप्सालात मी काकांच्या शब्दाबाहेर गेले नाही. काचघराच्या आडोशाला खरोखरच वारा लागत नव्हता. मग आजोबांचं दार वाजवलं. मी कोण ते सांगायच्या आधीच त्यांनी डबा ओळखला. आतल्या शंकरपाळ्या बघून हसले आणि उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी डबा हातात घेतला तर चांगलाच जड. आत काठोकाठ साखर. "चिमूट म्हणजे किती, ते कळलं नव्हतं," आजोबा इंग्रजीत म्हणाले. "उशीर झाला, एवढं त्यांना सांगा."

पुण्यात परतल्यावर मी डबा वर नेऊन दिला. काकांनी झाकण उघडलं, बोटावर साखर घेऊन चाखली आणि म्हणाले, "आपल्यापेक्षा बारीक आहे." मग चष्मा पुसत बसले. काकूंना त्यातली चमचाभरही चहाला मिळाली नाही.

आता काकांचे गुडघे त्यांना जिना उतरू देत नाहीत. उप्साला त्यांना पुन्हा दिसणार नाही, हे त्यांना कळतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. प्रवासाला निघणारा माणूसच आता वर जातो आणि काका त्याच्या हातावर दह्याबरोबर त्या डब्यातली साखर ठेवतात, मोजून चिमूटभर. परवा मी नागपूरला निघाले, तेव्हा माझ्याही हातावर ठेवली.

"जा," ते म्हणाले. "पण तिथून उप्साला लांब पडेल."