सिक्स प्लस वन

अफगाणिस्तानातल्या एका खोऱ्यात न्यूझीलंडहून गेलेल्या तुकडीत मी सिग्नलर होतो. जन्म पुण्याचा, भरती क्राइस्टचर्चची, रँक लान्स कॉर्पोरल. गस्त निघण्याआधी रेडिओवरून माणसांचा आकडा कळवणं हे माझं काम.

पद्धत अशी होती की सैनिक सहा आणि बरोबर दुभाषा असला, तर ‘सिक्स प्लस वन’. सैनिकांची नावं यादीत असत. प्लस वनचं नसे. पाच महिने रोज सकाळी मीच ते बोलत होतो, आणि मला त्यात काही खटकलं नाही.

आमचा प्लस वन म्हणजे नासिर अली. आधी शाळेत गणित शिकवायचा. लहानपण क्वेट्ट्यात गेल्यामुळे उर्दू फर्डं. मी ‘मेरेको’ म्हटलं की मास्तरासारखा डोळे वटारायचा आणि मग पोट धरून हसायचा. त्याच्या चिलखती जाकिटाच्या पट्ट्या तुटल्या होत्या. मी दोनदा नवं मागितलं. कंत्राटी माणसाला हेच मिळेल, असं उत्तर आलं.

त्या दिवशीही ‘सिक्स प्लस वन’ कळवून ०६१० ला निघालो. ०७४० ला रस्त्याखालच्या एका मोरीपाशी उकरलेली माती दिसली. आमचा कमांडर सार्जंट तामा याने गाड्या थांबवल्या आणि कुणीही उतरू नका म्हणून सांगितलं. तेवढ्यात पलीकडून गाढवावर पाण्याचे कॅन लादलेला एक म्हातारा मोरीकडे येऊ लागला. नासिर दार उघडून उतरला आणि हात हलवत, ओरडत पुढे धावला. म्हातारा जागीच थांबला. स्फोट झाला तेव्हा नासिर मोरीजवळ पोचला होता. म्हातारा वाचला.

तामाने नासिरच्या मांडीला पट्टा आवळला. ०७४८ ला मी हेलिकॉप्टर मागितलं.

“वन कॅज्युअल्टी. अर्जंट.”

“नॅशनॅलिटी?”

“लोकल सिव्हिलियन.” फॉर्ममध्ये तेच बसत होतं.

“रॉजर. वेट, आउट.”

सत्तेचाळीस मिनिटं वाट पाहिली. ०८३५ ला नासिर गेला. हेलिकॉप्टर होतं, पण सैनिकांसाठी राखून ठेवलेलं. मी ‘आमचा माणूस’ म्हणालो असतो तर? संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये ‘आपली जीवितहानी नाही’ असं लिहिलं होतं. तोही मीच पाठवला.

वीस वर्षं पाश्चात्त्य सरकारं तिथल्या शाळांची आणि लोकशाहीची भाषणं ठोकत होती. त्यांच्यासाठी शाळेतला मास्तर मेला, तर त्याला मोजायला रकाना नव्हता. मग सगळ्यांनी गाशा गुंडाळला. नासिरच्या बायकोने मुलींना घेऊन बाहेर पडायला व्हिसा मागितला, तर नवरा आमच्याबरोबर होता याचा पुरावा मागितला गेला. कुठून आणणार होती ती? आमच्या यादीत नासिर नव्हताच. अजून संताप होतो.

यंदा आई सहा महिन्यांसाठी क्राइस्टचर्चमधल्या हॉर्नबीला आमच्याकडे आली आहे. जुने फोटो बघताना तिने विचारलं, “हा कोण रे?”

“इंटरप्रिटर.”

“नाव नाही का त्याला?”



गेल्या महिन्यात तुकडीचं स्नेहसंमेलन होतं. दुपारी तामाने गेलेल्यांची नावं वाचली. नासिरचं नव्हतं. मी उठलो आणि त्या सकाळचं सगळं सांगितलं, माझ्या ‘लोकल सिव्हिलियन’सकट. बायकोचा अर्ज अजून पडून आहे, हेही. कुणीतरी म्हणालं की ती यादी फक्त सैनिकांची असते. तामाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने यादीच्या खाली पेनाने ‘नासिर अली’ लिहिलं, मग कोरा कागद घेऊन त्या गस्तीवर कोण कोण होतं ते लिहून काढलं. आम्ही सहाही जणांनी सही केली. तो कागद अर्जाला जोडायला मी दुसऱ्या दिवशी पाठवला.

सह्या झाल्यावर तामाने कागद माझ्यापुढे धरला.

“सिग्नलर, काउंट?”

“सेव्हन,” मी म्हणालो.